कोरणीची विद्या आणि आपली मुले

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. आमचे सारे आयुष्य शाळेत खडू आणि फळा यांच्या संगतीत गेले. हातोडी धरण्याचा मान आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंतच राहिला. तरीही या विषयावर बोलण्यास आम्ही उभे राहिलो याचे कारण असे की, विषय जितका कारागिरीचा आहे तितकाच तो शिक्षणाचाही आहे.

उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे शिक्षणनिधीच्या नियमात दुरुस्ती सुचविणारा एक ठराव यावयाचा आहे. आजवर आपल्या निधीतून शिष्यवृत्ती मिळाली ती पदवीच्या अभ्यासक्रमात शिकणाऱ्यांना. ठरावाचे म्हणणे एवढेच की, धातूवरील हाताचे कोरीव काम जेथे रीतसर शिकविले जाते अशा शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही हा निधी खुला असावा. या ठरावास विरोध आहे, आणि तो विरोध करणारेही ज्ञातीचे हितचिंतकच आहेत. त्यांचे आक्षेप दोन. पहिला असा की, कोरणी ही शाळेत शिकण्याची विद्याच नव्हे. ती घरी, वडिलांच्या शेजारी बसून यावयाची. दुसरा असा की, यंत्राने क्षणात नक्षी उमटत असता हाताने कोरावयास शिकून मुलांनी पोट कसे भरावे? या दोन्ही आक्षेपांचा विचार आपण शांतपणे करू.

प्रथम कोरणी म्हणजे काय, हे नव्या पिढीसाठी सांगणे अवश्य आहे. तांब्या-पितळेस शोभा आणण्याच्या आपल्याकडे मुख्यतः तीन रीती. एक मठारकाम. यात हातोडीच्या ठोक्यांनी भांड्याच्या अंगावर खळग्यांच्या ओळी उठवितात. त्याने धातू दबतो, कठीण होतो आणि चकाकतो. दुसरी उठावाच्या नक्षीची. यात पत्रा राळेवर बसवून बोथट छिन्न्यांनी आणि ठशांनी तो वरखाली सरकवितात. या दोन्ही रीतींत धातू जागा बदलतो, पण जात नाही. तिसरी रीत कोरणीची. तिच्यात धातू कापून बाहेर काढला जातो. कोरणीच्या टोकापुढे केसासारखा बारीक कीस वळत जातो, आणि गेलेला कीस पुन्हा जागेवर येत नाही. भांड्यांच्या दुकानात टिंबाटिंबांनी नाव घालतात, तेही काम नेटके असते. परंतु तो ठोक्याचा प्रकार आहे, कापण्याचा नव्हे. पाटीवरचे अक्षर पुसता येते, कागदावरचे खोडता येते. कोरणीची रेघ चुकली तर पत्राच घासून खाली आणावा लागतो. म्हणून ही विद्या जितकी हाताची आहे तितकीच मनाच्या स्थैर्याची आहे.

या विद्येचा वारसा किती जुना आहे याचा एक पुरावा सांगतो. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटक घराण्यात दिलेली. पतीच्या निधनानंतर अल्पवयीन पुत्राच्या नावे तिने राज्यकारभार पाहिला. तिने रामटेकनजीकच्या नंदिवर्धन राजधानीतून दिलेला एक दानपट 'पुणे ताम्रपट' या नावाने प्रसिद्ध आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचा वाकाटकांच्या लेखांचा जो ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला, त्यात तो समाविष्ट आहे. या पटाविषयी दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, लेखाच्या शेवटी तो कोरणाऱ्याचे नाव दिले आहे: चक्रदास. राणीचे नाव ज्या पत्र्यावर राहिले त्याच पत्र्यावर कोरणाऱ्याचेही राहिले. दुसरी गोष्ट आपणांस अधिक जवळची आहे. विद्वानांच्या हाती येण्यापूर्वी हा पट एका तांबट घराण्यात जपून ठेवलेला होता. ज्यांच्या भट्टीत मोडीचे तांबे रोज वितळत असे, त्यांनी हे तांबे मुशीत घातले नाही. त्यावरील लिपी त्यांना वाचता येत नसेल. पण कोरलेल्या पत्र्याची योग्यता त्यांस कळत होती. अशा घरांचे आपण वंशज आहोत.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. कोरणी शाळेत येत नाही, असे म्हणतात. इतिहास काय सांगतो? अठराव्या शतकाच्या अखेरीस पुणे दरबारी इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट होता. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये हिंदुस्थानात आला आणि पुण्यास काम करू लागला. सवाई माधवराव पेशव्यांच्या आश्रयाने तेथे चित्रकलेची एक शाळा चालली. त्या शाळेशी ज्याचे नाव निगडित आहे तो गंगाराम चिंतामण तांबट. वेरूळच्या लेण्यांची रेखाटने त्याने मॅलेटसाठी केली. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्याने १७९० साली काढलेले चित्र आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. ज्याच्या नावातच धंदा आहे असा हा मनुष्य घरची नजर घेऊन शाळेत गेला आणि शाळेतून नवी दृष्टी घेऊन बाहेर पडला.

याच काळातील दुसरी हकीकत ग्रंथमुद्रणाची आहे. अ. का. प्रियोळकर यांनी हिंदुस्थानातील मुद्रणाचा जो इतिहास १९५८ साली प्रसिद्ध केला, त्यात ती आली आहे. भगवद्गीता छापून निघावी म्हणून नाना फडणिसांनी एका तांबट कारागिराकडून तांब्याचे पत्रे कोरविण्यास आरंभ केला. १८०० साली नाना निवर्तले आणि काम अपुरे राहिले. पुढे तो कारागीर मिरजेस गेला, तेथे गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांनी त्यास आश्रय दिला, आणि १८०५ साली कोरलेल्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. श्रोतेहो, छापण्यासाठी कोरावयाचे अक्षर उलटे कोरावे लागते, हे ध्यानात घ्या. सातशे श्लोकांचा ग्रंथ, प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी उलट दिशेने, आणि तीही तांब्यात! भांड्यावर नक्षी काढणारा हात एवढ्याने तयार होत नाही. छापण्यासाठी कोरण्याची ही युक्ती आपल्या घराण्यांत पूर्वापार नव्हती. ती कोणीतरी शिकविली आणि आपल्यातल्या एकाने ती आत्मसात केली. घरच्या हाताला बाहेरची विद्या मिळाली तेव्हा गीता छापली गेली.

बंगालचेही उदाहरण असेच आहे. पंचानन कर्मकार हा धातुकाम करणाऱ्या जातीतला. चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली त्याने बंगाली अक्षरांचे ठसे कोरले, आणि त्या अक्षरांत १७७८ साली हालहेडचे व्याकरण हुगळीस छापले. पुढे तो श्रीरामपुरास विल्यम केरीकडे गेला. तेथे त्याने देवनागरी ठशांचे काम हाती घेतले आणि आपला जावई मनोहर यास तयार केले. १८०५ साली, म्हणजे मिरजेस गीता छापली गेली त्याच वर्षी, केरीचे मराठी व्याकरण देवनागरी अक्षरांत श्रीरामपुरास प्रसिद्ध झाले. आपल्या मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६४ साली टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्या सुबक टाइपांचे पोलादी ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू यांचे नाव आपल्या मुलांना ठाऊक नसते. निर्णयसागरी अक्षर पाहून ज्यांनी डोळे निवविले त्या वाचकांना हेही क्वचितच ठाऊक असेल की, ते अक्षर प्रथम पोलादाच्या टोकावर कानस आणि कोरणी यांनी जन्मले.

यानंतर शाळांचा काळ आला. सर जमशेटजी जिजीभाई यांनी १८५३ साली एक लाख रुपये देऊ केले, आणि १८५७ मध्ये मुंबईस त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. देशी कारागिरीस रीतसर शिक्षणाची जोड मिळावी हा तिच्या हेतूंपैकी एक होता. १८६५ साली लॉकवुड किपलिंग, ग्रिफिथ्स आणि हिगिन्स हे शिक्षक विलायतेहून आले; त्यांतील हिगिन्सकडे लोखंडी नक्षीकाम होते. तरी प्रत्यक्ष कारागिरीसाठी वेगळी सोय करावी लागली, आणि १८९१ साली लॉर्ड रे यांच्या नावाने त्या शाळेत कर्मशाळा निघाल्या. धातुकामाचा विभाग त्या संस्थेत आजही आहे. परदेशाकडे पाहाल तर जर्मनीतील हानाऊ गावी सोनारकामाची आणि रेखाटनाची शाळा १७७२ साली निघाली; तेथे आजही सोनार आणि चांदीकाम करणाऱ्यांबरोबर कोरणीकामाचे विद्यार्थी तयार होतात. अडीचशे वर्षे जी गोष्ट शाळेत शिकविली जात आहे, ती शाळेत येत नाही असे म्हणणे धाडसाचे होईल.

शाळेत ही विद्या कशी शिकवितात, हे पाहिले तर आमच्यासारख्या शिक्षकास मोठा आनंद होतो. कारण ती रीत आपल्या कित्त्याचीच आहे. मूल पहिल्या दिवशी कादंबरी लिहीत नाही. उभी रेघ, आडवी रेघ, अर्धगोल, मग मुळाक्षरे, मग जोडाक्षरे. कोरणीचेही तसेच. विद्यार्थी प्रथम पत्र्याला हातच लावीत नाही. तो कोरणी घडवितो. पोलादाची कांडी लाल तापवून तिला पाणी देणे, मग पुन्हा सावकाश ऊब देऊन वाळल्या गवताचा रंग चढेपर्यंत तिचा ठिसूळपणा उतरविणे, हे पहिले पाठ. नंतर धार. कोरणीचे तोंड सुमारे ४५ अंशांत आणि टोकाखालची बाजू १५ ते २० अंशांत घासावी लागते. हे कोन तेलाच्या सहाणेवर हाताने साधावयाचे. धार लागली की नाही याची परीक्षा अंगठ्याच्या नखावर: टोक नखात रुतले तर धार आहे, घसरले तर पुन्हा सहाण. आरंभीच्या दिवसांत मुलांचा अर्धा वेळ सहाणेपाशी जातो, आणि तो वाया गेला असे कोणत्याही जाणत्या कारागिरास वाटत नाही. बोथट कोरणीस जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली कोरणी सुटते. ती पत्र्यावर ओरखडा काढते, नाहीतर डाव्या हाताच्या बोटात शिरते.

मग सरळ रेघा. कोरणीची मूठ तळहातात, अंगठा पत्र्यावर टेकलेला, आणि ढकलणे केवळ तळहाताचे. एकमेकींस समांतर शेकडो रेघा, सारख्या खोलीच्या. त्यानंतर वळण. येथे नवख्याचा हात फसतो, कारण तो कोरणी वळवू पाहतो. खरी युक्ती अशी की, वाळू भरलेल्या चामडी गादीवर काम ठेवावे, उजव्या हाताने कोरणी सरळच ढकलावी आणि डाव्या हाताने कामच फिरवावे. वळण आपोआप पडते. मग रेघ जाड-बारीक करणे: कोरणी किंचित कलती केली की रेघ रुंदावते आणि तिच्या कलत्या भिंतीवर प्रकाश चमकतो. मग वेलबुट्टी, मग अक्षरे, आणि शेवटी उलटी अक्षरे. धातूही क्रमाने बदलतात. तांबे मऊ असल्याने कोरणीस चिकटते, पितळेचा कीस स्वच्छ निघतो, चांदी आज्ञाधारक आहे, आणि पोलाद हे कसोटीचे. या साऱ्या पायऱ्या आहेत, आणि जेथे पायऱ्या आहेत तेथे शाळा आहे.

घरच्या शिक्षणाची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. धातूचा आवाज ऐकून त्याची स्थिती ओळखणे, गिऱ्हाइकाची निकड जाणणे, दिवसाचे काम दिवसात संपविणे, हे घरच शिकविते. परंतु घराच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. घरी जे काम येईल तेवढेच मूल शिकते. घरी रेखाटनाचा पाठ नसतो, भिंग नसते, दिवा बहुधा चुकीच्या बाजूस असतो, आणि चाळिशी लागण्यापूर्वीच डोळे थकतात. घरची विद्या पुत्रास मिळते, कन्येस मिळत नाही. कोरणीस हातोडीच्या बळाची गरज नाही. तिला हवी ती स्थिरता, आणि ती आपल्या मुलींत आहे, हे त्यांच्या रांगोळीकडे आणि मेंदीकडे पाहून कळते. आणि सर्वांत मोठी मर्यादा ही की, घराण्यात एक पिढी धंद्याबाहेर गेली की पुढच्या पिढीस शिकवावयास घरी कोणी उरत नाही. आज ज्ञातीतील बहुसंख्य घरांची हीच स्थिती आहे. ज्या घरात वडील बँकेत आहेत, त्या घरातील मुलाने वडिलांशेजारी बसून काय शिकावे? त्यास शाळेवाचून दुसरा दरवाजा नाही.

आता दुसरा आक्षेप, पोटाचा. येथे आम्ही गोड बोलणार नाही. यंत्राच्या लेखणीने आणि लेझरच्या किरणाने नाव घालण्याचे काम आज अल्प वेळात आणि अल्प दरात होते. त्या कामात हाताने यंत्राशी स्पर्धा करू नये. कोरणी शिकलेल्या प्रत्येकाचे घर तिच्यावरच चालेल असे आश्वासन आम्ही देत नाही. पण पदवी घेतलेल्या प्रत्येकाचे घर पदवीवर चालते, असे आश्वासन तरी आपल्या निधीने कधी दिले होते काय?

हाताच्या कोरणीस जागा आहे, ती वेगळ्या ठिकाणी. लेझर सपाट जाळते. कोरणी कलती कापते, म्हणून तिच्या रेघेत प्रकाश खेळतो. देवळातील चांदीची प्रभावळ किंवा मखर, जुन्या नक्षीदार भांड्याची दुरुस्ती, पदकांचे आणि दागिन्यांचे साचे हातावर सुधारणे, मोहोरा, जडावाच्या कामात रत्नाभोवतीचे काप, ही कामे जाणता हात मागतात. शिक्कामोर्तब हा शब्द आपण रोज वापरतो; शिक्का काय नि मोर्तब काय, दोन्ही प्रथम कोरावी लागत. आपल्या खिशातील शंभराची नोट काढून महात्मा गांधींच्या चित्रावरून अंगठा फिरवा. शाई किंचित वर उठलेली लागेल. ती कोरलेल्या पत्र्याच्या खाचेतून आलेली छपाई आहे. दृष्टिहीन बांधवांना नोट ओळखण्यास ती साहाय्य करते. नाशिक येथे सरकारी मुद्रणालयात १९२८ पासून नोटा छापल्या जातात, आणि नाशिक हे तांब्या-पितळेचेही गाव आहे, हा योग आम्हांस मनोहर वाटतो. बिदरच्या कामात तर जस्त-तांब्याच्या मिश्रणावर प्रथम नक्षी कोरतात आणि मग खाचांत चांदी ठोकून बसवितात. खोदणारा चुकला तर चांदी बसतच नाही.

सरकारनेही १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या अठरा व्यवसायांत सोनार आणि कुलूप करणारे आहेत. तिच्यात पाच ते सात दिवसांचे प्राथमिक आणि पंधरा दिवसांचे पुढचे शिक्षण, त्या काळात दररोज पाचशे रुपये, आणि हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये अशी तरतूद आहे. ज्यांस धंदा येतो त्यांस तिचा उपयोग होईल. त्यांनी तो अवश्य करून घ्यावा. परंतु ज्यास प्रथमपासून शिकावयाचे आहे त्याची पाच दिवसांत धारदेखील नीट लागत नाही. वर्षभर, दोन वर्षे जे मूल सहाणेपाशी आणि गादीपाशी बसेल, त्याच्या खाण्याजेवणाचा आणि खोलीभाड्याचा भार कोणी तरी उचलला पाहिजे. तो भार ज्ञातीने उचलावा, एवढेच या ठरावाचे मागणे आहे.

ठरावास जोडून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली: शिष्यवृत्ती मुलगा-मुलगी हा भेद न करता द्यावी, आणि अर्जासोबत गुणपत्रिकेऐवजी विद्यार्थ्याने काढलेली रेखाटने मागवावीत. दुसरी: ज्ञातीत जे मोजके वृद्ध कोरणीकार आज हयात आहेत, त्यांना वर्षातून काही आठवडे संस्थेच्या दिवाणखान्यात मानधन देऊन बसवावे. त्यांच्याजवळ प्रमाणपत्र नसेल. पण ज्यांच्यापाशी विद्या आहे त्यांस कागद विचारण्याचा अधिकार आम्हां कागदवाल्यांस नाही. तिसरी: घरोघरी माळ्यावर पडलेल्या कोरण्या, छिन्न्या, ठसे आणि नक्षीचे जुने पत्रे मोडीत वजनावर घालू नयेत. आमच्या आळीत एका कारागिराच्या पश्चात त्याची साठ-सत्तर हत्यारे लोखंडाच्या भावाने गेली. ज्याने ती विकली तो आमचाच विद्यार्थी, भला मनुष्य. त्याला ती काय आहेत हे ठाऊक नव्हते. ठाऊक करून देणारी जागाही ज्ञातीत नव्हती. ती जागा संस्थेने व्हावे. पुण्याच्या ताम्रपटाच्या तांबटास लिपी येत नव्हती, तरी त्याने पत्रा राखला. आपणांस लिपी येते, मग आपण हत्यारे का राखू नयेत?

बंधू-भगिनींनो, पदवीची शिष्यवृत्ती बंद करा असे ठराव म्हणत नाही, आणि आम्हीही म्हणणार नाही. शाळेने आपल्या ज्ञातीस पुष्कळ दिले. डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक आपल्यातून निघाले, याचा आम्हांस अभिमान आहे. मात्र ज्या विद्येवरून आपणांस आपले नाव मिळाले, ती शिकू इच्छिणाऱ्या एखाद-दुसऱ्या मुलास आपल्याच निधीने 'तू आमच्यात बसत नाहीस' असे सांगू नये. यंदा कदाचित एकच अर्ज येईल, कदाचित एकही येणार नाही. तरी नियम खुला असला पाहिजे. उद्या सभेत हात वर करताना सभासदांनी एवढा विचार करावा, अशी हात जोडून विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.